घशातला आवंढा आणि साबुदाण्याएवढ्या गोळ्या

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे जवळचे माणूस गेल्यानंतर शरीराला जडलेल्या तक्रारींविषयी आणि त्यांवरच्या होमिओपॅथिक औषधांविषयी आहेत. त्यांतली चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्या सूनबाईंनी जे विचारले आहे तेच आणखी सहा-सात जणांनी वेगळ्या शब्दांत विचारले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझे सासरे मागच्या भाद्रपदात गेले. मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत दुकानात त्यांनी छत्तीस वर्षे दिवाणजी म्हणून काम केले होते. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. सासूबाई (मी त्यांना आत्या म्हणते) ६६ वर्षांच्या आहेत. त्या दिवशी त्या रडल्या नाहीत, तेराव्यापर्यंतचे सगळे त्यांनी उभ्याने पार पाडले, आणि महिनाभराने घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते असे म्हणू लागल्या. भाकरी नीट उतरते, पण जेवण झाले की तो गोळा पुन्हा जागच्या जागी असतो. दर चार-दोन मिनिटांनी मोठा उसासा टाकतात, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. आठ महिन्यांत वजन ६१ किलोवरून ५५ वर आले आहे. मामांचा (सासऱ्यांचा) एक सदरा आहे, त्याच्या बाह्यांच्या कडा हळदीने कायमच्या पिवळ्या झाल्या आहेत. तो त्या धुऊ देत नाहीत, घडी करून उशीखाली ठेवतात. शेजारच्या काकूंनी इग्नेशिया २०० ची बाटली आणून दिली आहे आणि या गोळ्या चालू असेपर्यंत रक्तदाबाची गोळी बंद ठेवा, असेही सांगितले आहे. दुःखाने खरोखर शरीर आजारी पडते का, आणि या गोळ्यांनी आत्या बऱ्या होतील का? (एक सून, सांगली)

उत्तर : ताई, सर्वांत आधी एक गोष्ट करा. रक्तदाबाची गोळी बंद केली असेल तर ती आजच पुन्हा सुरू करा, आणि मधल्या काळात किती दिवस चुकली ते तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगून रक्तदाब मोजून घ्या. कोणत्याही होमिओपॅथिक औषधासाठी रक्तदाबाची, मधुमेहाची, थायरॉइडची किंवा हृदयाची गोळी थांबवण्याचे काहीही कारण नसते. गेली तीस वर्षे सांगलीत होमिओपॅथीचाच व्यवसाय करणारा माणूस हे लिहीत आहे, हे त्या काकूंनाही जरूर सांगा.

दुःखाने शरीर आजारी पडते का, या प्रश्नाचे उत्तर आपल्या भाषेने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. अमक्याने हाय खाल्ली, तमकीने धसका घेतला, मुलगा गेल्यापासून म्हातारीने अंथरूण धरले, असे आपण सहज बोलतो, आणि यातल्या प्रत्येक शब्दात आजार मनाचा की शरीराचा हा भेद केलेलाच नाही. वैद्यकाने हेच पुढे आकड्यांत मांडले. इंग्लंडमध्ये पंचावन्न वर्षांपुढच्या ४,४८६ विधुरांच्या नोंदी तपासून १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत या पुरुषांमधले मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होते. अमेरिकेतल्या २०१२ सालच्या एका अभ्यासात, जवळचे माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या एकवीस पट आढळला. पुढच्या दिवसांत तो हळूहळू उतरत गेला. जपानमधल्या डॉक्टरांनी १९९० साली वर्णन केलेला एक विकार तर या बाबतीत सर्वांत बोलका आहे. तीव्र धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगतो आणि त्याचा आकार तिथले कोळी ऑक्टोपस पकडायला वापरतात त्या तोंडाशी अरुंद मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याला त्या मडक्याचे, म्हणजे ताकोत्सुबो हे नाव मिळाले. तो प्रामुख्याने पाळी गेलेल्या स्त्रियांना होतो, लक्षणे हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्याची असतात, आणि वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. आत्यांना तो झाला आहे असे मी म्हणत नाही. पण त्यांच्या वयाच्या आणि परिस्थितीच्या स्त्रीने छातीत दाबल्यासारखे होते, दम लागतो किंवा घाम फुटतो असे म्हटले, तर ते दुःखाचे आहे असे समजून घरी थांबू नये. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे आणि हृदयाचा आलेख काढून घ्यावा.

आता घशातल्या गोळ्याविषयी. रडू येते तेव्हा शरीर श्वासासाठी घसा उघडा ठेवू पाहते, आणि आपण रडू दाबण्यासाठी गिळू पाहतो, म्हणजे घसा बंद करू पाहतो. या ओढाताणीत घशाचे स्नायू ताठरतात आणि तिथे काहीतरी अडकल्याचा भास होतो. आवंढा गिळणे या शब्दप्रयोगात ही सगळी क्रिया नेमकी आलेली आहे. एखादे वेळी गिळलेला आवंढा लगेच ओसरतो. महिनोन्महिने रोज गिळला तर स्नायूंचा तो ताण सवयीचा होऊन बसतो. अन्न गिळताना त्रास न होणे आणि रिकामा आवंढा गिळताना तो जाणवणे, हे या प्रकारच्या भासाचे लक्षण आहे, आणि तुम्ही लिहिलेले वर्णन त्याच्याशी बरेच जुळते. वारंवार येणारे उसासेही या अवस्थेत नेहमी दिसतात. ताणाखाली श्वास उथळ होतो आणि शरीर अधूनमधून एक मोठा श्वास घेऊन फुप्फुसांचे मिटू लागलेले कोपरे उघडते.

असे असले तरी वर्णन जुळते म्हणून तपासणी टाळता येणार नाही. आठ महिन्यांत सहा किलो वजन जाणे म्हणजे मूळ वजनाच्या जवळजवळ दहावा हिस्सा जाणे होय, आणि ६६ वर्षांच्या व्यक्तीत एवढी घट दुःखाच्या नावावर टाकून मोकळे होणे हा निष्काळजीपणा ठरेल. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने घसा पाहून घ्यावा. हिमोग्लोबिन, रक्तातील साखर, थायरॉइड आणि बी-१२ या तपासण्या कराव्यात, आणि हृदयाचा एक आलेख काढावा. हे सर्व सांगलीच्या सिव्हिलमध्ये किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होऊ शकते. आम्लपित्त वर येत असेल तरीही घशात असाच गोळा जाणवतो. आणखी एक बारीकशी गोष्ट म्हणजे, रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येते, त्यांनी काही जणांच्या घशात सतत खवखव आणि कोरडा खोकला होतो. आत्यांची गोळी त्या गटातली आहे का ते पाकिटावर पाहा, आणि असेल तर ती बदलून घेण्याविषयी डॉक्टरांना विचारा. अन्न अडकू लागले, गिळताना दुखू लागले, आवाज बसला किंवा थुंकीतून रक्त दिसले, तर एक दिवसही थांबू नका.

आता इग्नेशियाकडे वळू. फिलिपाइन्स बेटांवर वाढणाऱ्या एका वेलीचे हे बी आहे, तिथल्या जेझुइट पाद्र्यांनी आपल्या पंथसंस्थापक संताचे नाव त्याला दिले. आपल्या कोकणात ज्याला काजरा म्हणतात आणि वैद्य ज्याला कुचला म्हणतात, त्याच जातकुळीची ही वनस्पती असून दोन्हींच्या बियांत स्ट्रिक्निन हे जहाल विष असते. म्हणून मूळ अर्काशी घरी खेळ करू नये. होमिओपॅथीच्या ग्रंथांत इग्नेशियाचे जे चित्र रेखाटले आहे ते आत्यांच्या वर्णनाच्या इतके जवळचे आहे, की काकूंनी नाव सुचवले याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही: ताजे आणि न बोललेले दुःख, उसासे, अन्न गिळले की बरे वाटणारा घशातला गोळा, खाऊनही न भरणारी पोटातली पोकळी. याच दालनात शेजारी आणखी औषधे मांडलेली आहेत. नॅट्रम म्युर, म्हणजे आपले रोजचे मीठ, हे जुन्या आणि दाबून ठेवलेल्या दुःखासाठी सांगितले आहे. असा माणूस एकटाच रडतो आणि कोणी समजूत काढू लागले की चिडतो. पल्सेटिला नेमकी उलट, जवळ घेतले की शांत होणाऱ्यांसाठी. अॅसिड फॉस दुःखाने अगदी बधिर होऊन कशातच रस न उरलेल्यांसाठी, आणि स्टॅफिसेग्रिया अपमान गिळलेल्यांसाठी. माणसांच्या दुःख करण्याच्या तऱ्हा इतक्या बारकाईने पाहणारे वैद्यकीय लिखाण माझ्या वाचनात फारसे आलेले नाही, आणि या निरीक्षणासाठी मी त्या जुन्या वैद्यांचा आजही आदर करतो.

निरीक्षण अचूक असणे आणि औषध गुणकारी असणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ अर्काचा एक भाग नव्याण्णव भाग मद्यार्कात मिसळून हलवायचा, त्यातला एक भाग घेऊन पुन्हा तेच करायचे, अशा पायऱ्या चढत पोटेन्सी तयार होते. बाराव्या पायरीच्या आसपास मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता संपत येते. तिसाव्या पायरीवर विरलतेचा आकडा एकावर साठ शून्ये असा होतो, आणि काकूंनी दिलेल्या २०० मध्ये एकावर चारशे शून्ये असा. त्या बाटलीत आहे ती साखर आणि सुकून गेलेला मद्यार्क. लॅन्सेट या नियतकालिकात २००५ साली होमिओपॅथीच्या ११० आणि आधुनिक औषधांच्या ११० चाचण्यांची तुलना प्रसिद्ध झाली, तिचा निष्कर्ष होमिओपॅथीचा परिणाम नुसत्या आश्वासक, औषध नसलेल्या गोळीच्या परिणामाशी सुसंगत आहे असा होता. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ साली, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजाराबाबत नाही, असे जाहीर केले. माझे काही समव्यावसायिक या अभ्यासांवर आक्षेप घेतात. ते आक्षेप मी वाचले आहेत, आणि त्यांनी माझे समाधान झालेले नाही.

मग माझ्याकडे येणाऱ्या शोकग्रस्त माणसांपैकी पुष्कळांना बरे का वाटते? काळाने बरेचसे दुःख आपोआप हलके होते, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर मला इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन येथील एका अभ्यासात सापडले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आमवाताच्या ८३ रुग्णांपैकी काहींना होमिओपॅथने सविस्तर विचारपूस करून गोळ्या दिल्या, काहींना तशीच विचारपूस करून औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, आणि काहींना विचारपूस न करताच गोळ्या दिल्या. ज्यांची विचारपूस झाली त्यांना फायदा झाला. गोळीत औषध आहे की नाही याने फरक पडला नाही. तो अभ्यास सांधेदुखीचा होता, शोकाचा नव्हता, हे खरे. पण ज्या उपचारात पहिल्या भेटीला तासभर माणसाला बोलू दिले जाते त्या उपचारातले औषध कोणते, याचा अंदाज त्यातून येतो.

यासंबंधात एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी तासगावकडचे एक निवृत्त एसटी चालक पोटात खड्डा पडल्यासारखे होते म्हणून आले होते; पत्नी जाऊन चार महिने झाले होते. आमच्या पद्धतीत तहान किती लागते, गार पाणी लागते की कोमट, हे विचारावेच लागते. मी विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पाणी तीच आणून द्यायची डॉक्टर, किती पितो ते कधी मोजलं न्हाई." त्यानंतर ते पाऊण तास बोलत होते. जाताना गोळ्यांची पुडी टेबलावरच राहिली. आठ दिवसांनी ती न्यायला आले तेव्हा मधे दोन रात्री सलग झोप लागल्याचे त्यांनी सांगितले. एका माणसावरून काहीही सिद्ध होत नाही हे मला कळते, पण ती पुडी मी विसरलेलो नाही.

खुद्द होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान यांनाही हे ठाऊक होते. १८१० साली पहिल्यांदा निघालेल्या त्यांच्या ऑर्गेनॉन या मूलग्रंथातील मानसिक आजारांच्या भागात, सध्याच्या क्रमाने २२६व्या परिच्छेदात, ते सांगतात की जे आजार मनातून उगवले आणि मनानेच जोपासले गेले, ते ताजे असताना आणि शरीराचा फार नाश झालेला नसताना विश्वास दाखवून, मित्रत्वाने समजावून, शहाणपणाचा सल्ला देऊन, आणि पुष्कळदा बेमालूम फसवणूक करूनही बरे करता येतात. त्या शेवटच्या शब्दांशी मी दरवेळी अडखळतो. कारण बाटलीतल्या साखरेविषयी वर लिहिलेले खरे मानले, तर आपली गोळी हीच ती बेमालूम फसवणूक नव्हे काय, हा प्रश्न माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा. मी माझ्यापुरता तो असा सोडवला आहे, की पहिले तीन उपाय पदरात असताना चौथ्यावर भिस्त ठेवायची नाही आणि रुग्णाने विचारले तर खरे सांगायचे.

तेव्हा ताई, आत्यांना इग्नेशिया घ्यावीशी वाटत असेल तर घेऊ द्या; त्या पोटेन्सीत विषबाधेची भीती नाही. पण ती तपासण्यांच्या जागी नको, आणि घशातला गोळा गेला नाही म्हणून बाटल्या बदलत राहणेही नको. त्याऐवजी घरात दुसरे काही करता येईल. आपल्याकडे पहिल्या दिवशी शेजारून कडू घास येतो, तेराव्यापर्यंत घर भरलेले असते, कोणी ना कोणी बसायला येत असते, आणि मग चौदाव्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागतात. ज्या बाईने छत्तीस वर्षे दुकान बंद होण्याच्या वेळेवर स्वयंपाक केला, तिच्यासाठी संध्याकाळची ती वेळ रोज उजाडते आणि तिचे काय करायचे ते कोणी सांगत नाही. त्या वेळी अर्धा तास त्यांच्याजवळ बसा. मामांविषयी बोलणे टाळू नका. उलट विचारा, की हळदीच्या सौद्याच्या दिवसांत मामा घरी किती वाजता यायचे, आल्याआल्या काय मागायचे. त्या रडल्या तर रडू द्या आणि पाणी पुढे करायची घाई करू नका. घरात नातवंडे असतील तर त्यांच्यासमोर रडू नये हा दंडकही सैल करा. एकट्या असल्या की त्या चहा आणि खारीवर भागवत असणार असा माझा अंदाज आहे; जेवायला त्यांच्याबरोबर कोणीतरी बसावे, वजन दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर पाहावे. सदरा धुऊ नका आणि लपवूही नका, तो त्यांच्या उशीखालीच असू द्या. वर्षश्राद्ध होईपर्यंत झोप, वजन आणि बोलणे यांत काहीच फरक पडला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी लागेल. त्यात वेड लागल्याचा काही संबंध नाही, हे त्यांना आधीच समजावून ठेवा.

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातला शेतकरी, वय ४४. माझे वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. आम्हाला तोंडही पाहता आले नाही, खांदाही देता आला नाही. तेव्हापासून छातीत धडधड, पोटात कळ आणि जुलाब हे मार्च संपत आला की सुरू होते आणि दोन महिने टिकते. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्रॅम आणि रात्री क्लोनाझेपाम दिले होते, ते दोन वर्षे घेतले. मागच्या महिन्यात एका होमिओपॅथने इंग्रजी औषधे सगळी एका दिवसात बंद करायला लावून नॅट्रम म्युर सुरू केले. आता डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात, हात थरथरतात, झोप उडाली आहे. ते म्हणतात, जुने औषध अंगातून बाहेर पडते आहे, हे चांगले लक्षण आहे. हे खरे आहे काय?

उत्तर : दादा, हे चांगले लक्षण नाही. तुम्ही वर्णन केलेला त्रास ही दोन औषधे अचानक थांबवल्यावर होतो, हे वैद्यकाला चांगले माहीत आहे. यातले क्लोनाझेपाम एकदम सोडले तर फिट येण्याचाही धोका असतो. हे पत्र छापून तुमच्या हाती पडेपर्यंत थांबायला नको म्हणून मी तुम्हाला वेगळे उत्तर पाठवले आहेच: आज किंवा उद्या आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, जे झाले ते सरळ सांगा, आणि औषधे कमी करायची असतील तर ती त्यांच्या देखरेखीखाली आठवड्या-आठवड्याने कमी करा. होमिओपॅथीत औषध दिल्यावर लक्षणे सुरुवातीला थोडी वाढतात असा समज आहे, आणि बिघडलेल्या प्रत्येक गोष्टीला तेच कारण चिकटवण्याची सोय त्यात आहे. आमच्या व्यवसायातली ही वाईट खोड आहे, असे मी स्पष्टपणे लिहितो.

मार्च संपताना सुरू होणाऱ्या त्रासाविषयी थोडे. माणूस ज्या दिवसांत गेला ते दिवस जवळ आले की शरीर आपल्या आधी सावध होते. उन्हाची तिरीप आणि गावच्या यात्रेचे दिवस त्याला कॅलेंडरच्या आधी कळतात, म्हणून धडधड सुरू झाल्यावर बऱ्याच वेळाने कारण लक्षात येते. कोरोनात गेलेल्या माणसांच्या घरी हे जास्त दिसते, कारण तिथे निरोपच झालेला नाही. तिरडी बांधणे, खांदा देणे, तिसऱ्या दिवशी राख सावडणे ही कामे जिवंत माणसांच्या हातांसाठी असतात आणि तुमच्या हातांना ती मिळाली नाहीत. या वर्षी तिथीच्या आधीच भावकीला बोलावून वडिलांच्या नावाने जे करावेसे वाटते ते करा, कृष्णाकाठी जाऊन दहा माणसांसमोर राहिलेले बोला. हा उपचार मी औषधाच्या जागी सांगत नाही, औषधाच्या जोडीला सांगतो.

शोक फार काळ त्याच तीव्रतेने टिकला आणि रोजचे जगणे अडले, तर त्याला आता वैद्यकात स्वतंत्र आजाराचे नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची, आणि अमेरिकी वर्गीकरणात प्रौढांसाठी बारा महिन्यांची मुदत धरली आहे. त्यावर बोलण्यातून केले जाणारे खास उपचार आहेत. आता जगण्यात राम नाही असा विचार एकदा जरी मनात येऊन गेला, तर तिथी-वार पाहू नका. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक घरातल्या माणसांच्या फोनमध्येही असू द्या.

प्रश्न : मी २० वर्षांची असून साताऱ्यात वसतिगृहात राहते. माझी मैत्रीण अपघातात गेली, त्याला तीन महिने झाले. आता केस विंचरताना मूठभर हातात येतात. अॅसिड फॉस घेतल्याने दुःखामुळे गळणारे केस थांबतात असे ऐकले आहे, ते घ्यावे का?

उत्तर : मोठा धक्का बसला, मोठा ताप आला किंवा बाळंतपण झाले, की पुष्कळसे केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. तुझे केस अगदी त्या हिशोबाने गळत आहेत. मुळे शाबूत असल्याने ते बहुधा सहा-आठ महिन्यांत परत येतात, गोळी घेतली तरी आणि न घेतली तरी. गोळीला श्रेय मिळते ते त्यामुळे. हिमोग्लोबिन, लोह आणि थायरॉइड तपासून घे, कारण वसतिगृहातल्या मुलींमध्ये रक्त कमी असणे हे केस गळण्याचे दुसरे मोठे कारण असते आणि त्यावर खरोखर औषध आहे. मैत्रिणीविषयी तू पत्रात एकच ओळ लिहिली आहेस. केसांविषयी अकरा ओळी आहेत. तिच्या आईला भेटायला जाऊन ये, एकटीने नको वाटले तर खोलीतल्या कोणाला बरोबर घे.

प्रश्न : पत्नीच्या निधनानंतर भूक मेली आहे, म्हणून होमिओपॅथिक गोळ्या घेतो. त्यांच्याबरोबर कांदा, लसूण, कॉफी आणि कापूर चालत नाही म्हणतात. गोळ्यांना हात लावायचा नाही हेही खरे का? (एक ज्येष्ठ वाचक, कराड)

उत्तर : काका, कॉफीवर हानेमान यांचा जुना राग होता, तिच्या दुष्परिणामांवर त्यांनी १८०३ साली एक स्वतंत्र निबंधच लिहिला. उग्र वासाच्या पदार्थांविषयीची बंधनेही त्याच परंपरेतून आली आहेत, आणि पथ्य मोडल्याने काही बिघडते असे सिद्ध झालेले नाही. कापूर देवघरात असतो तिथे असू द्या. गोळ्या झाकणात घेऊन तोंडात टाकणे स्वच्छतेसाठी बरे, एवढेच. तुमची भूक आधीच मेलेली आहे. अशा वेळी भाकरीबरोबरची कांदा-लसणाची चटणीही ताटातून काढली तर उरलेला घासही जाणार नाही. चटणी खा, सकाळची कॉफी आवडत असेल तर तीही घ्या, आणि महिन्याभरात दोन किलोपेक्षा जास्त वजन उतरले तर पहिल्या उत्तरात लिहिलेल्या रक्ताच्या तपासण्या करून अहवाल मला पाठवा. पत्रासोबत तुम्ही जेवता किती वाजता आणि कोणाबरोबर, तेही कळवा.